100 यार्डांवर चोख, 1000 वर उभी रांग?

घरी भरलेली रायफलची काडतुसं 100 यार्डांवर जवळजवळ एकाच भोकात जातात आणि 1000 यार्डांवर छिद्रांची वर-खाली उभी रांग लागते, तेव्हा लगेच बुलेट (काडतुसाच्या टोकाची, उडणारी गोळी) बदलू नका. आधी स्कोपचे (रायफलवरच्या दुर्बिणीचे) स्क्रू तपासा, मग क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून सलग 10 गोळ्यांचा वेग मोजा. तीनच गोळ्यांवरून काहीच कळत नाही. 6.5 क्रीडमूर या काडतुसाच्या 140 ग्रेन (वजनाचं एकक) बुलेटला वेगातला सेकंदाला 30 फुटांचा फरकही 1000 यार्डांवर साधारण 7-8 इंच वर-खाली करतो. माझा पहिला संशय पितळी केसवर, म्हणजे काडतुसाच्या पुन्हा भरता येणाऱ्या कवचावर: दोनदा नि सातदा वापरलेल्या केस एकत्र असतील, तर त्यांच्या गळ्याची बुलेटवरची पकड सारखी राहत नाही आणि वेगही बदलतो. बुलेट बसवताना काडतुसं भरायच्या प्रेसच्या हँडलवर ते हाताला जाणवतं. तशा केस वेगळ्या काढा. वेग सारखा करायला पावडर मात्र भरणीच्या पुस्तिकेतल्या छापील कमाल मर्यादेपुढे कधीच वाढवू नका.