गाडीत व्हिडिओवाला स्टिरिओ बसवताय? या चुका टाळा

नवा स्टिरिओ घ्यायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न इंचांचा येतो, दुसरा जीबींचा आणि तिसरा किमतीचा. गाडीबद्दल फारसं कुणी विचारत नाही. नंतरच्या तक्रारी मात्र जवळजवळ सगळ्या गाडीशीच जोडलेल्या असतात: सकाळी बॅटरी उतरलेली, स्टिअरिंगवरची बटणं मेलेली, एफएम खरखरतोय, चित्र दिसतंय पण आवाज नाही. म्हणून निवड करताना आधी आपली गाडी समजून घ्या. स्टिरिओ त्यानंतर.

खाच न मोजता पडदा ठरवणं

स्टिरिओच्या खाचेची मापं जगभर ठरलेली आहेत. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० × ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे १८० × १००. जुन्या गाड्यांत या सरळ चौकोनी खाचा असत. नंतर मात्र अनेक गाड्यांत कंपनीचा स्टिरिओ डॅशबोर्डच्या वळणाशी मिसळून गेलेला असतो. तो काढला की मागे वेडावाकडा खड्डा उरतो आणि त्यासाठी त्या गाडीची स्वतंत्र फ्रेम लागते. फ्रेम मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगून घ्या. एकाच नावाच्या गाडीचा डॅशबोर्ड पिढीनुसार बदलतो आणि 'थोडं घासून बसवतो' म्हणणाऱ्या फिटरच्या हातून गेलेली फ्रेम पहिल्या खड्ड्यापासून किरकिरायला लागते.

नऊ इंची पडदा कडा सोडून सुमारे २० × ११ सेंटिमीटर असतो, दहा इंची सुमारे २२ × १२.५. या मापाचा पुठ्ठा कापा, डॅशबोर्डवर धरा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. एसीची जाळी झाकली जाते का? हॅझर्डचं बटण बोटाला लागतं का? बऱ्याच गाड्यांत ते नेमकं मधोमध असतं आणि घाटातल्या धुक्यात चाचपडत शोधायची ती वस्तू नव्हे. पुठ्ठा अडचणीचा वाटला तर नऊवर थांबा. पाहण्याच्या आनंदात त्या एका इंचाने फार फरक पडत नाही.

आणि कंपनीचा पडदा आधीच असेल, त्यात कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो (फोनवरचे नकाशे, गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) चालत असेल, तर तो काढायची गरजच आहे का हेही एकदा स्वतःला विचारा.

छापील जीबींवर विश्वास ठेवणं

स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओंच्या बाजारात सर्वात मोठी फसगत इथे होते. खोक्यावर चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी स्टोरेज, अँड्रॉइड तेरा असं छापलेलं असतं आणि सेटिंग्जमध्ये 'अबाउट'च्या पानावरही तेच दिसतं. पण ते पान बनवणाऱ्याला हवं तसं लिहिता येतं. आत जुनं अँड्रॉइड आणि छापलेल्याच्या निम्मी रॅम निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

त्यापेक्षा चिपचं नाव विचारा. एसी८२२७एल ही चिप चार कॉर्टेक्स ए७ गाभ्यांची (कोरची), ३२ बिटची, जुन्या पिढीतली. गाणी आणि साधा व्हिडिओ ती ओढते. नकाशा आणि गाणी एकत्र चालवली की धापा टाकते. युनिसॉकची यूआयएस८५८१ए आठ ए५५ गाभ्यांची, मधल्या फळीतली. यूआयएस७८६२मध्ये दोन दमदार ए७५ आणि सहा ए५५ गाभे असतात. व्हिडिओ, नकाशा आणि रिव्हर्स कॅमेरा अशी कामं एकमेकांत न अडखळता व्हावीत असं वाटत असेल तर या दर्जाची चिप घ्या.

दुकानात स्टिरिओ चालू असतानाच त्यावर एआयडीए६४ किंवा डेव्हचेक हे आतली माहिती दाखवणारं अॅप टाकायला सांगा. गाभ्यांची जात आणि पडद्याचं खरं रिझोल्यूशन तिथे बऱ्यापैकी उघड होतं. 'टू-के' म्हणून दिलेला पडदा १०२४ × ६००चा निघाला तर जागेवरच कळेल. आणि चिपचं नाव बिलावर लिहून घ्या. जो दुकानदार ते आनंदाने लिहून देतो, त्याच्याकडून घ्यावं.

पडदा पाहायचा तो बाहेरच्या उजेडात, कडेने मान वळवून. आयपीएस पडद्याचे रंग बाजूने पाहिले तरी टिकतात, हलक्या पडद्याचे उलटतात. गाडीत पडद्याच्या अगदी समोर कुणीच बसत नाही, त्यामुळे हा फरक रोज दिसतो.

वॅटच्या आकड्याचं तर साधं गणित आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. एवढ्या दाबावर चार ओहमच्या स्पीकरला आतला अॅम्प्लिफायर, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, २६ वॅटच्या आसपास स्वच्छ आवाज देऊ शकतो. प्रत्यक्षात १८ ते २२. मग खोक्यावरचं '६० × ४' हे क्षणिक शिखराचं मोजमाप असतं. आवाज कमी वाटला तर आधी स्पीकर बदला.

'सगळं चालतं' या शब्दावर पेन ड्राइव्ह भरणं

घरच्या संगणकावर छान चाललेला सिनेमा गाडीत चालत नाही, ही तक्रार सर्वात जास्त येते आणि तिची कारणं थोडीच आहेत.

फाइल दिसतच नसेल तर पेन ड्राइव्हचं फॉरमॅट तपासा. अनेक स्टिरिओ एनटीएफएस वाचत नाहीत. फॅट३२ सगळीकडे चालतं, पण त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅट चालतं का हे विकत घेण्याआधी स्वतःचा पेन ड्राइव्ह लावून बघा.

चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तर फाइलमधला आवाज डॉल्बी किंवा डीटीएस प्रकारचा असण्याची शक्यता मोठी. या तंत्रांसाठी परवाना शुल्क लागतं आणि स्वस्त स्टिरिओत ते भरलेलं नसतं. बिघाड कुठेच नसतो, तरी लोक स्टिरिओ परत घेऊन दुकानात जातात.

आवाज येतो पण चित्र अडखळतं किंवा काळं राहतं, तर फाइल बहुधा एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या नव्या पद्धतीची, त्यातही दहा बिटची असते. हलक्या चिपला ती उलगडता येत नाही.

आवाजाच्या आणि चित्राच्या या दोन्ही तक्रारींवर उपाय एकच आहे आणि फुकट आहे. संगणकावर हँडब्रेक नावाचा प्रोग्राम मिळतो. त्यात फाइल टाकून एमपी४, एच.२६४ आठ बिट, ७२० ओळी आणि एएसी आवाज असं रूपांतर करा. नऊ इंची पडद्यावर ७२० ओळी पुरून उरतात, फाइल लहान होते आणि जवळपास प्रत्येक स्टिरिओवर चालते.

ओटीटीचं प्रकरण वेगळं. नेटफ्लिक्ससारखी अॅप वाइडवाइन नावाच्या, कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाचा स्तर तपासतात. वरचा स्तर नसेल तर चित्र जुन्या डीव्हीडीच्या दर्जावर अडकतं. स्टिरिओ गूगलकडून प्रमाणित नसेल तर अॅप प्ले स्टोअरमध्ये दिसतच नाही. फोनचा पडदा स्टिरिओवर दाखवायला गेलं तर अनेकदा आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळोख. विक्रेत्याने कुठून तरी आणून घातलेलं जुनं अॅप आज चालेल, पुढच्या अपडेटला बंद पडेल. ओटीटीसाठीच स्टिरिओ घेत असाल तर तुमच्याच खात्याने दुकानात एक भाग लावून बघा आणि काम झालं की खात्यातून बाहेर पडायला विसरू नका.

रंगाला रंग जोडणं

वायरिंगबद्दल मी थोडं लांबण लावणार आहे, कारण गाडीचं खरं नुकसान इथेच होतं.

बाजारातल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग साधारण ठरलेले: पिवळी कायम १२ व्होल्टला, लाल किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या एसीसीला, काळी अर्थिंगला, निळी अँटेनाला. गाडीच्या मूळ वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. घाईतला फिटर रंग पाहून जोड मारतो. टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर हातात न घेता वायर सोलायला लागलेल्या माणसाला तिथेच थांबवा.

खुणा ओळखायला सोप्या आहेत. गाडी बंद करून चालू केली की वेळ, स्टेशनं, आवाजाची पातळी सगळं पुसलेलं, आणि स्टिरिओ प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू होतो? पिवळी वायर एसीसीवर गेली आहे. उलट दोन-तीन दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरते? मग लाल वायर कायम वीज असलेल्या वायरला जोडलेली असेल आणि स्टिरिओ कधी झोपतच नसेल. अर्धा अँपिअर जरी ओढत राहिला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास होतात आणि छोट्या पेट्रोल गाडीची पूर्ण बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. झोपलेल्या गाडीचा एकूण खप ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. गॅरेजमध्ये ते मोजून मिळतं.

फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओमागे एसीसीची वेगळी वायरच नसते. किल्ली फिरल्याचा निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीचे भाग ज्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांवरून, येतो. चाकणला बनलेल्या पोलो, व्हेंटो आपल्याकडे खूप आहेत. अशा गाडीला कॅन बसची डबी लागते. तिच्याशिवाय फिटर कुठून तरी वीज ओढून आणतो आणि पुढचे त्रास सुरू होतात. स्टिअरिंगवरची बटणंही काही गाड्यांत साध्या वायरीने चालतात, काहींत याच डबीतून. घेण्याआधी विचारा, नाहीतर तिचे पैसे ऐनवेळी वेगळे लागतात.

एफएम खरखरायला लागला तर स्टिरिओला दोष देण्याआधी निळी वायर पाहा. अनेक गाड्यांच्या छतावरच्या आखूड अँटेनात छोटा अॅम्प्लिफायर असतो. त्याला वीज मिळाली नाही की शहरातलं स्टेशनही नीट लागत नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू आली तर अर्थिंगचा जोड कच्चा आहे असं धरून तिथून शोध सुरू करा.

या सगळ्यावर आधीचा उपाय म्हणजे गाडीच्या मॉडेलचा कपलर. मूळ वायर न कापता तो एका बाजूने गाडीच्या सॉकेटमध्ये बसतो, दुसऱ्या बाजूने स्टिरिओत. थोडे पैसे जास्त लागतात. वायर कापलेल्या गाडीची विजेच्या भागांची वॉरंटी कंपनी नाकारू शकते, तेव्हा नव्या गाडीत तर कपलरला पर्याय नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घ्या किंवा गावातल्या दुकानात, हा शब्द आधी उच्चारा.

हँडब्रेकची वायर अर्थला टाकणं

व्हिडिओसाठी स्टिरिओत एक वायर असते ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची. हँडब्रेक ओढला की चित्र, सोडला की बंद. अनेक दुकानांत ही वायर न विचारता थेट अर्थला टाकतात किंवा सेटिंग्जमधलं कुलूप उघडून ठेवतात, म्हणजे चालत्या गाडीतही सिनेमा दिसतो. गिऱ्हाईक खूश होतं. हे करू नका आणि करू देऊ नका.

द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पडद्यावर दोन सेकंद नजर गेली तर ५५ मीटर तुम्ही रस्ता न पाहता गेलात. नकाशाकडे टाकलेली नजर लगेच परत येते. गोष्ट सांगणारं चित्र नजरेला धरून ठेवतं. २०१७च्या मोटार वाहन चालनाच्या विनियमांतही वाट शोधण्यापुरती माहिती सोडली तर चालत्या गाडीत व्हिडिओ पाहिला जाऊ नये, याची जबाबदारी चालकावर टाकली आहे.

मुलांसाठी व्हिडिओ हवा असेल तर तो मागच्या सीटवर द्या. हेडरेस्टला नीट आवळून बसवलेला टॅब, त्यात आधीच उतरवून घेतलेले कार्यक्रम आणि हेडफोन. यात वरचा ओटीटीचा गोंधळही सुटतो आणि घाटात नेटवर्क गेलं तरी अडत नाही.

हँडब्रेक ओढूनही 'गाडी थांबवा' हीच सूचना दिसत राहिली, तर ती वायर मोकळी लटकते आहे. स्विचपर्यंत नेऊन जोडून घ्या.

उरलेल्या गोष्टी

रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र काळं, काळं-पांढरं किंवा घरंगळणारं दिसलं तर कॅमेरा एएचडी या जास्त स्पष्ट चित्राच्या प्रकारचा आणि स्टिरिओ सीव्हीबीएस या जुन्या साध्या प्रकारावर लावलेला असतो, किंवा त्याच्या उलट. सेटिंग्जमध्ये प्रकार बदलला की बहुधा सुटतं. जीपीएसचा छोटा अँटेना काचेखाली, डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला चिकटवा. धातूच्या पट्टीखाली दडपला तर नकाशात तुम्ही शेजारच्या रस्त्यावर दिसाल. फोनवर पलीकडच्याला आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल तर बाहेरचा माइक लावलेलाच नाही.

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात उन्हात उभी गाडी आतून भट्टी झालेली असते. चिप तापली की स्वतःच वेग कमी करते, टच उशिरा लागतो. काचा उघडून गाडी निवल्यावर पुन्हा पाहा. तरीही हँग होत असेल तरच दुकान गाठा. मागे पंखा असलेला स्टिरिओ अशा भागात जास्त टिकतो.

गाडी ताब्यात घेताना दुकानासमोरच हॅझर्ड, हॉर्न, स्टिअरिंगची बटणं, चारही स्पीकर, एफएम, कॅमेरा तपासा आणि किल्ली काढून स्टिरिओ खरंच झोपतो का बघा. काढलेला जुना स्टिरिओ, त्याची फ्रेम आणि स्क्रू पिशवीत घालून घरी न्या. कपलर वापरला असेल तर गाडी विकताना तो थोड्याच वेळात परत बसतो आणि नवा तुमच्या पुढच्या गाडीत जाऊ शकतो. तिथे फक्त फ्रेम आणि कपलर नवे लागतील.