हरित इमारतीचा गुत्ता घेताय? करारातल्या या चुका टाळा

शेंद्रा-बिडकीनकडे नवे कारखाने उभे राहू लागल्यापासून मराठवाड्यातल्या छोट्या-मध्यम गुत्तेदारांच्या हातात वेगळ्याच तऱ्हेचे करार पडू लागले आहेत. पीडब्ल्यूडीच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) बी-1 या करार-फॉर्मची सवय असलेल्या माणसाला ते परके वाटतात. मालक परदेशी कंपनी असेल किंवा पैसा आंतरराष्ट्रीय बँकेचा असेल, तर कराराचा सांगाडा बऱ्याचदा फिडिकचा असतो. फिडिक हा सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1913 साली स्थापन झाला. त्याचं कार्यालय जिनिव्हात आहे आणि त्याचे लाल, पिवळे, चंदेरी नमुना करार जगभर वापरले जातात. त्यावर मालकाच्या पर्यावरणविषयक अटींचा गठ्ठा जोडलेला असतो. दर भरताना तोच सगळ्यात शेवटी उघडला जातो आणि कधी उघडलाच जात नाही.

हे मला मनापासून खटकतं. आपल्या भागात पाणी वाचवणं, औष्णिक केंद्रांची राख वापरणं, राडारोडा नाल्यात न टाकणं या गोष्टी कुणाच्या पुस्तिकेची शोभा वाढवण्यासाठी नाहीत. साइटवर वाया गेलेला टँकर शेजारच्या वस्तीच्या तोंडचा असतो. पण काम कुणी करायचं, ते कशानं मोजायचं आणि अडचण आली तर किती दिवसांत कळवायचं हे करारात लिहिलेलं नसेल, तर चांगल्या हेतूचं शेवटी भांडणच होतं. खाली दिलेले कलमांचे क्रमांक फिडिकच्या 2017च्या आवृत्तीतले आहेत. 1999ची आवृत्तीही चलनात आहे आणि तिच्यात काही क्रमांक वेगळे आहेत. आपल्या करारात कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा.

आकड्याशिवाय पर्यावरण

कलम 4.18 सांगतं की कंत्राटदारानं जागेवर आणि जागेबाहेर पर्यावरणाचं रक्षण करावं, धूळ-आवाज-प्रदूषणाचा त्रास मर्यादित ठेवावा आणि उत्सर्जन, सांडपाणी वगैरे तपशीलपत्रातल्या (स्पेसिफिकेशनमधल्या) किंवा कायद्यातल्या मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये. मेख तपशीलपत्रात आहे. तिथे आकडे नसतील तर उरतो फक्त कायदा, म्हणजे कमीत कमी मर्यादा. मालक समजतो की आपण हरित इमारत मागितली आहे. गुत्तेदार समजतो की नेहमीचंच काम आहे. पहिल्या दोन आरए (चालू कामाच्या) बिलांपर्यंत दोघंही खुश असतात.

ब्रिटनच्या एनईसी या नमुना करारात 2022 साली एक्स-29 हे हवामानबदलाचं ऐच्छिक कलम आलं. त्यात अपेक्षा स्वतंत्र लिहाव्या लागतात आणि एका तक्त्यात लक्ष्य गाठलं तर किती बक्षीस, चुकलं तर किती कपात हे मांडता येतं. आपण एनईसी वापरत नसलो तरी ही पद्धत उचलायला काही हरकत नाही. काँक्रीटमध्ये राखेचं प्रमाण किती, जनरेटरचं डिझेल महिन्याला किती, पाणी किती लिटर, हे तपशीलपत्रात आणि बीओक्यूच्या (कामांच्या परिमाण-यादीच्या) आयटममध्ये आलं पाहिजे. मालकाची चकचकीत 'ग्रीन पॉलिसी' मागे टाचून काम होत नाही, कारण कलम 1.5मध्ये कागदांचा अग्रक्रम ठरलेला असतो आणि त्यात ती पुस्तिका कुठे बसते हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रमाणपत्र कुणी आणायचं?

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातला शॉ डेव्हलपमेंट आणि सदर्न बिल्डर्स यांच्यातला 2007चा दावा या विषयातल्या लोकांना माहीत आहे. इमारत लीड या हरित इमारत मानांकनाच्या 'सिल्व्हर' दर्जाची व्हावी असा उल्लेख प्रकल्पाच्या कागदपत्रांत होता. पण प्रमाणपत्र मिळवण्याची जबाबदारी कुणाची हे नेमकं लिहिलेलं नव्हतं. मुदतीत ते मिळालं नाही आणि करसवलत हुकली म्हणून मालकानं सुमारे 6,35,000 डॉलरची भरपाई मागितली. प्रकरण तडजोडीनं मिटलं, त्यामुळे न्यायालयाचा निर्णय असा आपल्या हाती नाही.

आपल्याकडे लीड, आयजीबीसी, गृह या हरित मानांकनांच्या बाबतीत हीच चूक होते. नोंदणी मालकाची, गुणांची मांडणी सल्लागाराची, सिमेंट-रंग-सळईचे दाखले जमा करायचे गुत्तेदारानं, आणि अंतिम दर्जा देणार चौथीच संस्था. ज्याच्या हातात निकाल नाही त्यानं निकालाची हमी लिहून देऊ नये. गुत्तेदारानं आपल्या वाट्याच्या गुणांची जबाबदारी घ्यावी: अमुक कागद, अमुक दिवसापर्यंत. इमारत ताब्यात देणं आणि अंतिम मानांकन मिळणं यांत महिने जाऊ शकतात, म्हणून रिटेन्शन (बिलातून रोखून ठेवलेला पैसा) कशाशी बांधलंय तेही तपासा. मानांकन हुकल्याबद्दल ठरावीक रक्कम लिहिली असेल, तर भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 74नुसार ती वरची मर्यादा ठरते आणि मिळते ती वाजवी भरपाई. रकमेचा आधार काय धरला हे दोन्ही बाजूंनी आधीच लिहून ठेवलेलं बरं.

पाणी 'मिळेलच' असं धरून चालणं

आपल्या भागातली सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

कलम 4.19 प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर कामासाठीचं पाणी आणि वीज कंत्राटदारानं आणायची. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी जिल्हा प्रशासन विहिरी आणि बोअर अधिग्रहित करतं, टँकर आधी वस्त्यांना जातात आणि तसंच व्हायला हवं. मग गुत्तेदार म्हणतो, दुष्काळ म्हणजे दैवी आपत्ती, मला मुदत आणि पैसे दोन्ही द्या. मात्र कलम 18.1च्या यादीत भूकंप, त्सुनामी, चक्रीवादळ यांची नावं आहेत, दुष्काळाचं नाही. शिवाय करार करण्याआधी त्याची वाजवी तरतूद करता आली नसती का, असा प्रश्न विचारला जातो. मराठवाड्यातल्या दुष्काळाचा अंदाज नव्हता असं कुठल्या तोंडानं म्हणणार? अपवादात्मक प्रतिकूल हवामानासाठी कलम 8.5खाली मुदतवाढ मागता येते, पण पावसाच्या प्रसिद्ध आकडेवारीच्या तुलनेत ते अनपेक्षित होतं हे दाखवावं लागतं, आणि त्या कलमात पैसा नाही. सरकारी आदेशामुळे काम थांबलं असेल तर कलम 8.6 पाहा. तिथेही मुदतच मिळते, आणि आपण सगळ्या प्रक्रिया नीट पाळल्या होत्या हे सिद्ध करावं लागतं.

या अडचणीला एक तांत्रिक पदर आहे. राख मिसळलेलं सिमेंट पर्यावरणाच्या दृष्टीनं चांगलं, पण त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456:2000 साध्या सिमेंटसाठी किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान 10 दिवस सांगतं. कोरड्या, उष्ण हवेत 10च्या खाली जायचं नाही आणि मिश्र सिमेंटसाठी मुदत 14 दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. म्हणजे मालकानं एका ओळीत 'राखेचं प्रमाण वाढवा' आणि दुसऱ्या ओळीत 'पाणी निम्मं करा' असं लिहिलं, तर त्या दोन ओळींची सांगड घालण्याचं काम कुणाचं तरी असायला हवं. गोणपाट, प्लॅस्टिकचं आच्छादन, क्युरिंग कंपाउंड (काँक्रीटमधली ओल टिकवणारा लेप) यांचा स्वतंत्र आयटम मागा. 'काँक्रीटच्या दरात समाविष्ट' या शब्दांवर सही केलीत की मे महिन्यात स्लॅब तिसऱ्या दिवशी कोरडा पडलेला दिसेल.

बोअरच्या पाण्याची तपासणीही यातच येते. त्याच मानकात सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि पाण्याचा पीएच 6च्या खाली नको. खारं पाणी वापरून उभी केलेली इमारत काही वर्षांत गंजत असेल, तर तिच्यावर कुठल्या मानांकनाची पाटी आहे याला अर्थ उरत नाही.

राखेच्या पुरवठ्याचंही पाण्याशी नातं आहे. परळीचं औष्णिक केंद्र 2015मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. राखेच्या विटांसाठी एकाच केंद्राचं नाव करारात घालू नका, पर्यायी ठिकाण आणि वाहतुकीचा दर लिहून घ्या. कोळशावरच्या केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आत राखेची उत्पादनं वापरण्याचा केंद्राच्या 31 डिसेंबर 2021च्या अधिसूचनेतला नियम ती उपलब्ध असणं आणि त्यांचा भाव यांच्या अटीवर आहे, हेही लक्षात घ्या.

सळईचा कार्बन

युरोपियन कंपनी कार्बनचे दाखले मागायला लागली की जालन्याच्या सळईबद्दल दोन गैरसमज ऐकू येतात. पहिला, युरोपचा कार्बन कर आपल्यालाही लागणार. तो युरोपियन संघात आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम वगैरेंवर आहे. जालन्यातून बिडकीनला गेलेल्या ट्रकशी त्याचा संबंध नाही. दुसरा गैरसमज, सळई भट्टीत भंगार वितळवून होते म्हणजे आपोआप हरित. भट्टीत भंगाराबरोबर कोळशावर बनलेलं स्पंज आयर्न किती पडतं आणि वीज कुठली वापरली जाते, यावर हिशेब बदलतो. मालकाला उत्पादनाची पर्यावरणीय घोषणा (त्याचा पर्यावरणावरचा परिणाम सांगणारा दाखला) हवी असेल तर ती तयार व्हायला वेळ लागतो. निविदेच्या टप्प्यातच गिरणीला विचारा, सळई साइटवर उतरल्यावर नको.

'स्थानिक साहित्य' एवढंच लिहिणं

जवळून आणलेला दगड वापरला की मानांकनात गुण मिळतात आणि डिझेलही वाचतं. पण 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसरात हजारो माणसं गेली, ती मातीच्या गाऱ्यातल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून. दोष त्या दगडाचा नव्हता. भिंतीच्या आरपार जाणारे दगड नव्हते, बांधून ठेवणारे पट्टे नव्हते. तपशीलपत्रात 'स्थानिक दगड' लिहिताना त्याच ओळीत कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठीचं आयएस 13828 लिहा.

नियम लागू झाला की बघू

बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे केंद्राचे नवे नियम एप्रिल 2025मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंमलबजावणीची तारीख 1 एप्रिल 2026 आहे आणि मुख्य रोख 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. अनेकांचा हिशेब असा की 2026मध्ये खर्च वाढला तर कायदाबदल म्हणून मागू. कलम 13.6 मात्र पायाभूत तारखेनंतर झालेल्या किंवा अधिकृतपणे प्रसिद्ध झालेल्या बदलाबद्दल बोलतं. ही पायाभूत तारीख निविदा सादर करण्याच्या शेवटच्या तारखेच्या 28 दिवस आधीची असते. नियम त्याआधीच राजपत्रात आला असेल, तर तो लागू व्हायचा बाकी होता ही सबब टिकणं कठीण. राडारोडा वेगळा करणं, वाहून नेणं, नोंदी ठेवणं यांचा खर्च दरातच धरा.

व्हॉट्सॲपवर कळवलं होतं

सरकारी आदेशानं पाणी तुटलं, राख आली नाही, मालकानं मध्येच रंगाचा दर्जा बदलला. गुत्तेदार ग्रुपवर फोटो टाकतो, साइट मीटिंगमध्ये बोलतो आणि बिनधास्त राहतो. कलम 1.3 प्रमाणे नोटीस लेखी हवी आणि ती नोटीस आहे असं तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. कलम 20.2खाली घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांत नोटीस आणि 84 दिवसांत तपशीलवार दावा द्यायचा. पहिली मुदत हुकली की हक्क गेला असं करार म्हणतो. अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम 28ला धरून टिकते का, यावर वकील वाद घालू शकतात, पण त्या भरवशावर पत्र लिहायचं टाळणं शहाणपणाचं नाही.

पोटगुत्तेदाराची मुदत तर याहून कमी असते. मुख्य कंत्राटदाराला वर 28 दिवसांत कळवायचं असल्यामुळे खालच्या करारात तो 14 किंवा 7 दिवस लिहून घेतो आणि बाकी सगळं 'मुख्य कराराप्रमाणे' असं म्हणतो. तो मुख्य करार मागून घ्या. दर झाकायचे असतील तर झाकू द्या, पण अटी आणि पर्यावरणाची जोडपत्रं पूर्ण मिळाल्याशिवाय वर्कऑर्डरवर सही करू नका.