चेतापेशी म्हणजे विजेची तार नव्हे: या चुका टाळा

पुढच्या वेळी पायाची करंगळी पलंगाला आपटली की लक्ष द्या (जमलं तर!). काहीतरी आदळलं हे आधी कळतं, जिवघेणी ठसठस त्यानंतर येते. अंगात विजेच्या तारा असत्या, तर दोन्ही एकदमच कळलं असतं. स्पर्शाची खबर नेणारे जाड, मायलिन या मेदयुक्त पदार्थाचं आवरण असलेले चेतातंतू (चेतापेशींचे लांब धागे) सेकंदाला ३० मीटरहून जास्त वेगाने ती पोचवतात. ठसठस नेणाऱ्या बारीक, बिनआवरणाच्या तंतूंचा वेग सेकंदाला मीटरभर. पायापासून पाठीच्या कण्यापर्यंत अंतरही साधारण तेवढंच, म्हणून हा सेकंदभराचा उशीर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूतला वेग मोजला होता. तो सेकंदाला ३० मीटरच्या आसपास भरला.

तरीही ‘चेतातंतूतून वीज वाहते’ हे वाक्य उत्तरपत्रिकांतून हटत नाही. आयन (विद्युतभार असलेले कण) तंतूच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे धावत जात नाहीत, ते पेशीचं पटल ओलांडून आत-बाहेर करतात. शांत चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे −७० मिलिव्होल्ट असतो. तो −५५ च्या आसपास आला की पटलातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि आकडा शून्य ओलांडून +३० च्या घरात जातो. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. पुढे सरकते ती ही दारं उघडण्याची लाट, तिलाच आवेग म्हणतात.

इथेच हुशार मुलंही घसरतात. लाट ओसरते कशामुळे? ‘सोडियम-पोटॅशियम पंपामुळे’ असं ठोकून देतात. चूक. सोडियमची दारं मिटतात, पोटॅशियमची उघडतात आणि पोटॅशियम बाहेर पडतं, म्हणून आकडा खाली येतो. पंप ३ सोडियम बाहेर काढून २ पोटॅशियम आत घेतो, पण हे संथपणे, मागची आवराआवर केल्यासारखं. एका आवेगात इतके थोडे आयन हलतात, की माकुळ या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूतला (चेतापेशीच्या लांब धाग्यातला) पंप बंद पाडला तरी आवेग बराच वेळ निघत राहतात.

जोरात चिमटा काढला म्हणून आवेग मोठा होत नाही. त्याच उंचीचे आवेग जास्त वेळा येतात, आणि जास्त तंतू जागे होतात.

‘नस’ शब्दाने तर घोळच घातलाय. ‘मानेत नस दबली’ यातली नस म्हणजे चेता, ‘इंजेक्शनला नस सापडेना’ यातली रक्तवाहिनी. शिवाय चेता म्हणजे एक चेतापेशी नव्हे, तो तंतूंचा जुडगा.

संपर्कस्थानाच्या (दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेच्या) आकृतीत कृपा करून ठिणगी काढू नका. फट जेमतेम २० ते ४० नॅनोमीटरची असली तरी आवेग तिथे थांबतो. टोकात कॅल्शियम शिरतं, रसायनाने भरलेल्या पिशव्या पटलाला मिळून उघडतात, ॲसिटिलकोलीनसारखं रसायन पलीकडे पोचतं. काही ठिकाणी दोन पेशी थेट सूक्ष्म नलिकांनी जोडलेल्या असतात. ठिणगी तिथेही नसते.