भिगवणला रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, बघायचेत? मग होडी थांबवायला शिका

डिसेंबर ते मार्च, पुण्याहून सोलापूर हायवेनं साधारण १०० किलोमीटर, पहाटे साडेचारला निघायचं आणि भिगवणजवळच्या कुंभारगावला होडी आदल्या दिवशीच फोन करून सांगून ठेवायची. टोपी घ्या, पाणी घ्या हे मी सांगत बसत नाही. फोनवर एवढं मात्र विचारा की पाणी किती उतरलंय. इथलं पाणी उजनी धरणाचं, ते तुडुंब असलं की रोहितांना उभं राहायला उथळ चिखलच मिळत नाही, मग ते उशिरा येतात. "नोव्हेंबरपासून हमखास दिसतात" असलं कुठं वाचलं असेल तर विसरा.

ग्रुप १२-१४ जणांचा असेल तर दोन होड्या करा. एकीत बघणारे, दुसरीत गप्पा मारणारे. रुसवेफुगवे झाले तरी चालतील. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी, पुरे, त्याहून जास्त झूमवाली होडीत नुसती हलत राहते. लाइफ जॅकेट घाला, फोटोत वाईट दिसतं म्हणून काढून ठेवू नका.

आता खरी गोष्ट, थव्याजवळ जायचं कसं. मी यात सपशेल आपटलोय. पहिल्या ट्रिपला आम्ही सगळे मावस-मामे भावंडं, लांबून पांढरी रेघ दिसली आणि मीच नावाड्याला म्हणालो, "काका, अजून जवळ घ्या ना, सरळ घ्या." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि घेतली. इंजिन चालूच, तेवढ्यात मावसभाऊ मोबाईल घेऊन उभा राहिला, होडी डुलली, मामी किंचाळली, आणि अख्खा थवा उडून पार पलीकडच्या काठाला. व्हिडिओत फक्त पाय आणि शेपट्या. पुढचा तासभर आम्ही वारकरी बघितले, म्हणजे ते काळं पाणपाखरू हो, कपाळावर पांढरा टिळा असतो ते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. होडीत पाय ठेवायच्या आधीच सांगायचं, "काका, उडवायचे नाहीत, लांबून दाखवलेत तरी चालेल." हे बोलून दाखवावंच लागतं, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना उडालेलेच हवे असतात आणि नावाड्यांना ते पाठ झालंय. मग थव्यावर सरळ चाल करायची नाही, तिरकं जायचं, आपण दुसरीकडेच निघालोय असं दाखवत. दीड-दोनशे मीटरवर इंजिन बंद, पुढचं सगळं वल्ह्यानं. सकाळचं ऊन पाठीवर येईल अशा बाजूनं या, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसणार. वारा कुठून येतोय तेही बघा, बंद होडी वाऱ्यानं आपोआप थव्यात घुसते आणि आपण दुर्बिणीत डोळे घालून बसलेलो असतो, कळतसुद्धा नाही. म्हणून बांबू चिखलात रोवून होडी आडवी लावायला सांगा. आडवी असली की सगळ्यांना बसल्या जागेवरून दिसतं, कुणाला उठायचं कारणच राहत नाही.

मग गप्प बसायचं. दहा मिनिटं.

चोच उलटी करून पाण्यात आणि पाय चिखलात नाचवत चाललेत, म्हणजे ते निवांत खातायत. माना एकदम वर झाल्या की तुम्ही जास्त जवळ आलात. सगळे एकाच दिशेला चालायला लागले तर ताबडतोब मागे फिरा, कारण पुढची पायरी धावण्याची, आणि ते धावायला लागल्यावर तुमच्या हातात काही नाही. आता सगळ्यांची तक्रार असते की उडवल्याशिवाय गुलाबी रंग दिसत नाही. दिसतो! जरा वेळानं एखादा आळस देतो, एक पंख आणि एक पाय मागे ताणतो, आणि आतला लालभडक गुलाबी पट्टा आणि काळी किनार सावकाश उघडते. मागच्या वेळी मामी त्याच होडीत होती, तिनं माझा दंड एवढा दाबला की वळ उठला, पण तोंडातून आवाज नाही. मधेच मळकट राखाडी दिसतात ती पिल्लं, त्यांना रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात.

बाकी चित्रबलाक, चमचे, चक्रवाक हे पक्षी येताजाता दिसतातच. काठावर पट्टकादंब बसलेले असतील, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेली पाहुणेमंडळी. तिथंही होडी आडवीच.

नऊ-साडेनऊनंतर ऊन चढतं, परत फिरा. आणि चिलापी मासा फ्राय नि भाकरीची ऑर्डर होडीत बसायच्या आधीच देऊन ठेवा, परत आल्यावर सांगितलीत तर पाऊण तास नुसता वास घेत बसाल.