मॉडेल रेल्वेचं वायरिंग: सेक्शनच्या जोडावर काय करायचं

मे महिन्यात नागपुरात पारा 45 ओलांडतो आणि त्याच खोलीत कूलरही सुरू असतो. सेक्शन म्हणजे रूळ बसवलेला प्लायवुडचा सुटा तुकडा. हे प्लायवुड कोरड्या हवेत आक्रसतं, कूलरच्या दमट हवेत फुगतं. निकेल-सिल्व्हरचा मीटरभर रूळ 30 अंशांच्या फरकात सुमारे अर्धा मिलिमीटर लांबतो. एवढी ओढाताण सहन करून पत्र्याचा जॉइनर (दोन रुळांची टोकं जोडणारी पट्टी) वीजही पोचवेल, ही अपेक्षा चुकीची. त्याला फक्त रूळ सरळ धरू द्या. वीज प्रत्येक रुळाला खालून, स्वतंत्र वायरीने.

इथे एचओ स्केल धरलंय: 1:87, रुळांतलं अंतर 16.5 मिमी, 120 सेंमी लांबीचे चार सेक्शन आणि 12 व्होल्ट डीसीचा कंट्रोलर. (नागपूर–नागभीडची जुनी नॅरोगेज करायची असेल, तर 762 भागिले 87 म्हणजे पावणेनऊच्या आसपास, 9 मिमीचा रूळ चालतो. वायरिंग हेच.)

इतवारीत किंवा बर्डीवर इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘दीड एमएम’ मल्टिस्ट्रँड मागा, लाल आणि काळी, सहा-सहा मीटर. ही मुख्य लाइन. तिच्यापासून रुळापर्यंत जाणाऱ्या छोट्या वायरींना, म्हणजे फीडरना, अर्धा एमएम पुरते, लांबी वीतभर. मागचा रूळ लाल, पुढचा काळा. हे चारही सेक्शनवर सारखं.

जोडासाठी घरगुती दोन पिनांचा प्लग कधीच वापरू नका. कुणीतरी तो भिंतीतल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसणारच. ड्रोनवाले वापरतात तो एक्सटी-60 घ्या, उलटा बसतच नाही. कंट्रोलर डावीकडे असेल तर प्रत्येक सेक्शनच्या उजव्या टोकाला मादी, डाव्या टोकाला नर. चालू वीज नेहमी झाकलेल्या बाजूला राहते, आणि सेक्शन चुकून फिरवून ठेवला तर प्लग जुळत नाही. सोल्डर करताना समोरचा जोडीदार त्यात खोचून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात. आणि श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) आधी वायरीत ओवा. हे सगळेच विसरतात.

फीडर रुळाच्या बाहेरच्या अंगाला लावा, आत लावला तर चाकाची कड सोल्डरवर आपटते. जागा बारीक पॉलिश पेपरने घासा, शेजारच्या स्लीपरांवर (रुळाखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्यांवर) ओला कापूस ठेवा, 60 वॉटचं सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवा. 25 वॉटचं घेतलं तर रूळ तापेपर्यंत स्लीपर वितळतात. सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा फ्लक्स अॅसिडचा नको, महिन्याभरात हिरवा गंज धरतो.

सेक्शनच्या काठावर जॉइनर लावूच नका. प्लायमध्ये पितळी स्क्रू पिळा, त्याच्या डोक्यावर रुळाचं टोक सोल्डर करा आणि समोरच्या रुळापासून मिलिमीटरभर फट सोडा.

सांधा, म्हणजे रुळाला फाटा फुटतो ती जागा, लाइव्ह फ्रॉगचा असेल (फ्रॉग म्हणजे आतले दोन रूळ मिळतात तो टोकदार भाग; लाइव्ह म्हणजे त्यातही वीज असते), तर फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर हवेतच. नाहीतर पलीकडून वीज पोचताच, सांधा एका बाजूला पडला की शॉर्ट. फ्रॉगला वीज मायक्रोस्विचमधून द्या.

प्रत्येक फीडरनंतर मल्टिमीटरची बीप ऐका: लाल ते मागचा रूळ वाजलं पाहिजे, लाल ते काळा नाही. यासाठी इंजिन रुळावरून उचला, त्याची मोटरही बीप देते. शेवटी वीज चालू करून दोन रुपयांचं नाणं दर फूटभरावर रुळांवर आडवं टेकवा. कंट्रोलर लगेच कट झाला तर ठीक. जिथे कट झाला नाही, तिथला फीडर पुन्हा लावा.