मालगाडीच्या वाघिणींचा संग्रह करताना या चुका टाळा

गोव्यात रेल्वेच्या प्रतिकृती घरी येतात त्या बहुतेक दोन वाटांनी. एक तर घरातला कोणी तारवटी परदेशी बंदरातून अमेरिकन किंवा युरोपीय डबे घेऊन येतो, नाही तर हल्ली भारतीय वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, प्रतिकृती ऑनलाइन मागवल्या जातात. वाट कोणतीही असली तरी चुका त्याच होतात आणि त्यांचे मूळही एकच असते: खरी वाघीण नीट न पाहता तिची प्रतिकृती विकत घेतली जाते. मडगावच्या फलाटावर तासभर उभे राहिले, तर या लेखातल्या निम्म्या गोष्टी कोणी न सांगताही कळतील.

वर्ष आणि ठिकाण न ठरवता खरेदी करणे

ही चूक सर्वांत अधिक आढळते आणि सर्वांत महाग पडते. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉककडे जाणारा मार्ग 1880 च्या दशकात मीटरगेजवर (एक मीटर अंतराच्या रुळांवर) बांधला गेला आणि तो ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला 1990 च्या दशकात. म्हणजे शंभर वर्षे दूधसागरच्या पुलावरून जी काही मालगाडी गेली, ती मीटरगेजचीच होती. आज आपण ज्या उघड्या, उंच भिंतींच्या बॉक्सएन वाघिणी पाहतो, त्या ब्रॉडगेजच्या आहेत आणि त्यांची सुरुवातच मुळी 1980 च्या दशकातली आहे. तरीही दूधसागरचा देखावा मांडून वायडीएम-4 या मीटरगेज इंजिनाला बॉक्सएनचा रेक (वाघिणींची अखंड रांग) जोडलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. अशी गाडी त्या घाटातून कधीच गेलेली नाही. कोकण रेल्वेचा देखावा करायचा असेल, तर त्याचा काळ 1998 च्या जानेवारीनंतरचा धरावा, कारण संपूर्ण मार्ग तेव्हा सुरू झाला.

भारतीय वाघिणीवरचा अकरा आकडी क्रमांक या बाबतीत फार उपयोगी पडतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार तिचा स्वतःचा अनुक्रम आणि शेवटचा आकडा हा आधीचे दहा बरोबर लिहिले आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी असतो. प्रतिकृती हातात घेतली की मी आधी पाचवा आणि सहावा आकडा वाचतो, रंग आणि किंमत त्यानंतर. एका रेकमधल्या सगळ्या वाघिणींवर एकच क्रमांक छापलेला असेल, तर तो बदलून घेण्याचे कष्ट घ्यावेत. नव्या लोकांना हे काम कंटाळवाणे वाटते, पण संग्राहक आणि केवळ ग्राहक यांच्यातला फरक इथेच दिसतो.

अमेरिकन डब्यांवर बांधणीचा महिना आणि वर्ष ‘बीएलटी’ (‘बिल्ट’चे लघुरूप) या अक्षरांपुढे लिहिलेले असते. तिथल्या बंद डब्यांच्या छतावर पूर्वी चालण्यासाठी फळी असे. 1966 पासून नव्या डब्यांवर ती बसवणे थांबले. डब्याच्या बाजूवर रंगीत पट्ट्यांची ओळखपाटी दिसली, तर त्याचे ते रूप 1967 नंतरचे समजावे. युनियन पॅसिफिकची ‘बिग बॉय’ वाफेची इंजिने मालवाहतुकीतून 1959 मध्येच बाहेर पडली, त्यामुळे त्यांच्यामागे अशी पाटी असलेला डबा जोडणे हा उघड विसंवाद आहे.

एचओ आणि ओओ यांची सरमिसळ

प्रतिकृतींची ही दोन्ही मापे 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, म्हणून ती एकच आहेत असे समजले जाते. एचओ म्हणजे खऱ्या गाडीशी 1:87 प्रमाण आणि ओओ म्हणजे 1:76. बॉक्सएनची खरी लांबी कपलरसह (डबे जोडणाऱ्या आकड्यांसह) 10.713 मीटर आहे. ती एचओमध्ये सुमारे 123 मिलिमीटर होते आणि ओओमध्ये 141. शेजारी शेजारी ठेवल्यावर हा फरक कोणाच्याही नजरेत भरतो. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून मोजपट्टीसह छायाचित्र मागवावे. जो देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

खनिज काठोकाठ भरणे

या चुकीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गोव्यात ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. कुडचड्याच्या एका तरुणाने चवथीच्या मखरासमोर मुरगावची खनिजगाडी मांडायचे ठरवले. खाणीच्या रस्त्यावरची खरी तांबडी भुकटी आणून त्याने ती एचओच्या बॉक्सएन वाघिणींत काठोकाठ भरली आणि वरून पातळ केलेले फेव्हिकॉल ओतले. चवथ दोन दिवसांवर आली असताना त्याचा फोन आला, ‘‘काका, गाडी चढावर चढतच नाही.’’ मी जाऊन एक वाघीण स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर ती पाव किलोहून जड भरली. रेल्वे प्रतिकृतींच्या छांदिष्टांच्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेचा एचओसाठीचा संकेत असा आहे की मुळात 28 ग्रॅम आणि त्यावर डब्याच्या लांबीच्या दर इंचाला 14 ग्रॅम वजन धरावे. त्या हिशेबाने बॉक्सएन शंभर ग्रॅमच्या आत बसते. पावसाळी हवेत फेव्हिकॉल आतपर्यंत वाळलेच नव्हते, भिंती बाहेर फुगल्या होत्या आणि पोलादी आसांवर गंज धरला होता. इंजिन उघडले तेव्हा मोटरच्या चुंबकाला लोहाची बारीक भुकटी चिकटलेली दिसली. दातकोरण्याने खनिज उकरण्यात आमची रात्र गेली.

एवढे करूनही ती गाडी खरी दिसली नसती, आणि मुद्दा तोच आहे. मूळच्या बॉक्सएनमध्ये साधारण 56 घनमीटर जागा असते, पण ती माल उचलते 58 ते 59 टन. लोहखनिज घनमीटरला सव्वादोन ते अडीच टन भरते, म्हणजे वाघीण निम्मीही भरण्याआधी वजनाची मर्यादा गाठली जाते. म्हणून खनिजाच्या गाडीत भिंतींच्या आत, तळाशी, बुटके ढीग असतात आणि बाजूने पाहिले तर गाडी रिकामी वाटते. कोळसा हलका असल्यामुळे त्याच वाघिणीत तो काठापर्यंत येतो. अमेरिकेतल्या मेसाबी या लोहखनिजाच्या भागातल्या खनिजवाहू वाघिणी जेमतेम 24 फुटी आखूड ठेवल्या गेल्या, त्याचेही कारण खनिजाचे हेच वजन आहे.

मी फोमचा तुकडा कापून त्याला ढिगांचा आकार देतो, त्यावर गाळलेली वाळू चिकटवतो, रंग देतो आणि चार दिवस पूर्ण वाळू देतो. ढीग सुटा ठेवावा, म्हणजे तीच वाघीण रिकामीही धावू शकते. दिशाही ध्यानात घ्यावी. गोव्याचे स्वतःचे खनिज बहुतांशी ट्रकने धक्क्यापर्यंत आणि पुढे मांडवी-जुवारीतून बार्जने बंदराला जात असे. रेल्वेने मुरगावला उतरत असे ते प्रामुख्याने कर्नाटकातले. उलट आयात कोळशाची भरलेली गाडी बंदरातून निघून कुळ्याहून दूधसागरचा ब्रागांझा घाट चढते. तिथे चढ 1:37 इतका तीव्र असल्यामुळे मागूनही इंजिने लावावी लागतात. भरलेला कोळसा घाट उतरताना दाखवला, तर देखावा कितीही सुबक असला तरी चुकीचाच ठरतो.

आणखी काही

प्लॅस्टिकची चाके रुळांवर मळ पसरवतात. ती काढून धातूची बसवावीत. कपलरची उंची मापकावर तपासल्याशिवाय वाघीण गाडीत जोडू नये. नव्या वाघिणीला पहिल्याच दिवशी गंजाचा रंग फासणाऱ्यांनी आधी एकाच वाघिणीची वेगवेगळ्या वयांतली छायाचित्रे पाहावीत. गंज सगळीकडे सारखा कधीच नसतो. जुने अक्षरांकन पुसण्यासाठी स्पिरिट वापरताना खालचा रंगही निघू शकतो, म्हणून आधी तळाच्या बाजूला थेंबभर लावून पाहावे.

गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत वाघिणी मूळ खोक्यात वर्षानुवर्षे बंद ठेवणे धोक्याचे असते. आतला जुना फोम विरघळून रंगाला चिकटतो, पुठ्ठ्याला बुरशी येते आणि तळाची पोलादी वजने गंजून वाघिणीचा तळ उचलतात. मी फोम काढून टाकतो, वाघीण आम्लविरहित पातळ कागदात गुंडाळतो आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. मृग लागण्याआधी आणि दिवाळीनंतर प्रत्येक डबा उघडावा, पुड्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या कराव्यात आणि प्रत्येक वाघीण उलटी करून तिच्या तळाकडे व आसांकडे भिंगातून पाहावे.