चाफ्याची पानं गळाली म्हणून घाबरू नका, आणि या चुका टाळा

सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा जवळ आली की कुणी ना कुणी विचारतंच, "चाफ्याची सगळी पानं गळाली, झाड मेलं काय ओ?" मेलं नाही, झोपलंय. टोकदार पानांचा लाल-पिवळा चाफा थंडीत पानं टाकतो आणि नुसते करडे फाटे उरतात, दिसायला भेसूर पण तब्येत ठणठणीत. (गोल टोकाच्या पानांचा पांढरा चाफा मात्र बऱ्यापैकी हिरवा राहतो, त्याच्याशी तुलना करत बसू नका.)

खरी गडबड पुढं होते. पाणी कमी पडलं वाटून आपण रोज तांब्या ओततो, पण पानंच नाहीत तर झाड एवढं पाणी पिणार कसं, मुळं कुजतात. माझा पहिला चाफा मी असाच घालवला, जुळे सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही आणि मी साठवलेलं पाणी त्याला पाजत होतो, बायको अजून ऐकवते. थंडीत जमिनीतल्या झाडाला पाणी बंदच ठेवा, कुंडीतल्याला पंधरा-वीस दिवसांनी थोडंसं. संशय आला तर खोड दाबून बघा. टणक असेल तर निवांत राहा, मऊ लागलं तर पांढरा स्वच्छ गर दिसेपर्यंत सडका भाग कापून टाका आणि वरचा चांगला फाटा नव्यानं लावा.

पण तोडला की लगेच मातीत खोचायचा नाही! आठवडाभर सावलीत ठेवा, चीक सुकून कापलेली जागा कोरडी होऊ द्या. फाटा करडा, जून झालेला, फूट-दीड फुटाचा घ्या, हिरवा कोवळा पटकन सडतो. तीन-चार इंच खोल लावा आणि पानं फुटेपर्यंत पाण्याचा हात आखडता. चीक अंगाला लागला तर खाजतं, डोळ्याला तर अजिबात लावू नका.

आपली काळी माती कापसाला भारी, चाफ्याला नाही. पावसात पाणी धरून बसते. निम्मा मुरूम किंवा जाड वाळू मिसळा, कुंडीचं भोक मोकळं आहे का बघा.

पानं भरपूर पण फुलं नाहीत? एक तर ऊन कमी, पाच-सहा तास पाहिजेच, नाहीतर युरिया जास्त झालाय. तिसरं म्हणजे छाटणी. फुलं फाट्याच्या शेंड्याला येतात, त्यामुळं एप्रिलमध्ये शेंडे उडवले की त्या फाट्यांची फुलं लांबलीच. छाटायचंच तर फेब्रुवारीत, नवी पालवी यायच्या आधी, तेही मोजके फाटे.

पावसाळ्यात पानाखाली नारिंगी पावडर दिसली तर तो तांबेरा. झाड मरत नाही त्यानं, पण ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला.